महिना अक्षरांत

८ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन पोचला. खोक्यात तू कोंबलेले लोकरीचे मोजेही पोचले. ते बाबांनी तिथल्या तिथे पायांत चढवले आणि आता काढायला तयार नाहीत. फोन मात्र मी घेतलाय. तुझा जुना म्हणतोस, पण माझ्या डबड्यापुढे राजासारखा दिसतो. कार्ड घातलं, नंबर चालू झाला, बास. बाकी मी त्यातलं काहीएक हलवलेलं नाही. तू लावलंयस तसंच राहू दे, नाहीतर मी काहीतरी दाबायची आणि तो बसायचा रुसून.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अरे, बोलायला या घरात जागा कुठे आहे? दोन खोल्या, मधे पडदा, आणि बाबांचे कान तुला माहीत आहेत. सगळी नोकरी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून गेली, कोण किती मिनिटं उशिरा आला ते पावलांवरून ओळखायचे. आईबद्दल काही सांगायचं म्हणजे आईच्या देखतच सांगायचं. त्यापेक्षा दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की काचा घासायचं मशीन बंद करून लिहिलेलं बरं.

तर आईचं. तिच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपत आलीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, काही महिने आहेत हातात, पण बॅटरी बदलावी लागेल आणि मिळेल ती तारीख चुकवायची नाही. हे शेवटचं वाक्य बाबांनी घर येईपर्यंत मला इतक्यांदा ऐकवलं की आईच म्हणाली, अहो, बॅटरी माझी संपत आलीये, तिची कशाला संपवताय.

हॉस्पिटलात आता कागदाची चिठ्ठी मिळत नाही. फोनवर मेसेज येतो, त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की पान उघडतं आणि त्यात तारीख असते. मी माझा नंबर देऊन आलेय. तारीख आली की कळवते. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


२०/२

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसत होतो. मोजे बाबांसाठीच होते, पण तू घेतले असतेस तरी चाललं असतं.

आता एक गंमत सांगतो, खाली बस. ते पान आहे ना, ज्यात आईची तारीख येणार, ते आमच्याच कंपनीचं आहे. तुमच्या हॉस्पिटलने मागच्या वर्षी ते घेतलं. आणि त्यात तारीख दाखवायचं काम कोणाचं, तर तुझ्या भावाचं. बाबांना सांग. कारखान्याच्या फाटकावर त्यांनी लोकांच्या वेळा लिहिल्या, मी जगभरातल्या लोकांच्या तारखा लिहितो.

तुला वाटेल, तारीख दाखवायला काय अक्कल लागते. लागते बाई. आपल्याकडे आधी दिवस मग महिना. मी राहतो तिथे उलट, आधी महिना मग दिवस. आणखी काही देशांत साल सगळ्यात पुढे. आता एकच पान सगळीकडे जाणार, तर कोणाच्या रीतीने लिहायचं? माझ्या आधीच्या माणसाने प्रत्येक देशासाठी वेगळी यादी करून ठेवली होती, गठ्ठाच्या गठ्ठा. मी तो सगळा काढून टाकला आणि एकच ओळ लिहिली. तारीख मांडायची जी आज्ञा असते तिच्यात देशाचं नाव लिहायला एक जागा असते. ती मी रिकामी सोडली. रिकामी असली की स्क्रिप्ट, म्हणजे पानामागची ती आज्ञावली, वाचणाऱ्याच्या फोनलाच विचारते, बाबा रे, तुझ्या घरची रीत काय? आणि त्या रीतीने तारीख दाखवते. माझ्या साहेबांनी ती ओळ सगळ्यांना बोलावून दाखवली.

तुला पत्र लिहिताना मीही तेच करतो, बघ. वर तारीख आपल्या रीतीने घातलीये. इथल्यांना लिहिली असती तर उलटी घातली असती.

आईला म्हणावं, तारीख मुलाच्या हातची आहे.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचायला लावलं. मग शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. रिकाम्या जागेचं त्यांना नीटसं कळलं नाही, मलाही नाही, पण साहेबांनी सगळ्यांना बोलावलं हे बरोबर कळलं.

आणि आज तारीख आली. तीन जून. मी दुकानात होते, तिथूनच पळत घरी आले. आईने फोन हातात घेतला, तुझं पान म्हणून त्यावरून हात फिरवला आणि काचेवर बोटांचे ठसे उठवले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जूनचं पान काढून तीनला लाल गोल केला.

मला तारीख जरा लांबची वाटली. हॉस्पिटलात फोन करून विचारू का म्हटलं, तर बाबा म्हणाले, डॉक्टरणीने काही महिने आहेत सांगितलंय ना? आणि पान धाकट्याचं आहे, ते चुकायचं नाही. तेही खरंच. मग नाही केला.

आई चांगली आहे. जिना चढताना थांबते, पण थांबली की वरच्या मजल्यावरच्यांच्या चपला मोजते आणि कोणाकडे पाहुणे आलेत ते सांगते. जूनमध्ये तू येशील का रे? एक दिवसासाठी तरी ये.

ताई


१९ मे

धाकट्या,

तू गेल्यावर हे पहिलं पत्र. काय लिहायचं सुचत नव्हतं आणि न लिहून करमतही नव्हतं.

आई गेली त्या सकाळचं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. रात्री ती माझ्याशी चांगली बोलली, उद्या पडदे धुवायचे म्हणाली. सकाळी हाक मारली तर उठली नाही. बाबा आंघोळीला गेले होते. त्यांना सांगायला मी न्हाणीच्या दारात उभी राहिले आणि किती तरी वेळ कडीच वाजवेना.

मग तुझ्यासमोरच झालं ते. आपण तिघं तिचे कागद आणायला गेलो तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने संगणकात बघून सांगितलं, यांची तारीख सहा मार्च होती, तुम्ही आलाच नाहीत, म्हणून पुढच्या माणसाला घेतलं. मी म्हणत राहिले, तीन जून होती, तीन जून. त्याने संगणकाचा पडदा आपल्याकडे फिरवून दाखवला. सहा, मग तीन. तुम्ही दोघांनी बघितलं. मी माझा फोन काढला, तर त्या पानावर नुसतं 'ही तारीख उलटून गेली आहे' एवढंच होतं. तारखेचा पत्ता नाही. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाई, शेकडो लोक येतात, सगळे बरोबर दिवशी येतात.

तेव्हा बाबा जे बोलले ते तू ऐकलंसच. चष्म्याच्या दुकानात बसते आणि हिला तारीख वाचता येत नाही. ते शेवटचं बोलले माझ्याशी. त्यानंतर नाही.

आता मी रोज आठवून बघते. तीन आणि सहा होते, एवढं नक्की. आधी कोण होतं? आधी मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की तीन. आता डोळे मिटले की कधी तीन पुढे येतो, कधी सहा. तुझं पान ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने दाखवतं, तूच लिहिलं होतंस. म्हणजे सहा आधी असणार. म्हणजे मीच उलटं वाचलं.

तू जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस. बॅग उचललीस, बाबांच्या पाया पडलास आणि निघालास. बघायला हवं होतंस रे.

ताई


३०/५

ताई,

पत्र मिळालं. मी काय लिहिणार?

तू विचारतेस म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय काढणार नव्हतो. पान चुकू शकत नाही. त्या महिन्यात त्या पानावरून लाखो तारखा गेल्या, एक तक्रार नाही. मी घरी आल्यावर पुन्हा तपासून बघितलं. तुमच्याकडची रीत घातली की आधी दिवसच येतो, दर वेळी. मला वाटतं, दुकानातून घाईत बघितलंस आणि डोक्यात तारीख उलटी बसली. माणसाचं होतं असं. पण लांबची वाटली होती म्हणतेस, तर एक फोन करायला काय झालं होतं? एक फोन, ताई.

मला जास्त लिहिता येत नाही. बाबांना सांभाळ.

धाकटा


१४ जून

धाकट्या,

बरोबर आहे तुझं. एक फोन.

बाबांना सांभाळ म्हणतोस, पण ते मला सांभाळू देत नाहीत. मी ताट वाढलं की तसंच ठेवतात आणि मी दुकानात गेले की उठून स्वतः घेऊन खातात. पाणी माझ्या हातून घेत नाहीत. काही हवं असेल तर काकूंना हाक मारतात, पडद्यापलीकडे मी बसलेली असताना. 'ठकी' ही बाबांची हाक या घरातून गेलीच. लहानपणी मला किती राग यायचा त्या नावाचा, शाळेत मुली चिडवायच्या म्हणून. आता कोणी चिडवलं तरी चालेल.

तीन जूनचं सांगते. त्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, बूट घातले आणि खुर्ची दारात ओढून बसले. मला वाटलं, कुठे निघालेत. मी विचारलं नाही, विचारून उपयोग नसतो. दुपारी जेवायला आले तेव्हा तसेच बसलेले. संध्याकाळी दुकान बंद करून आले, तरी तिथेच. येणारे जाणारे विचारत होते, काय काका, कुठे? आणि ते सांगत होते, आज आमच्या हिची हॉस्पिटलची तारीख आहे, मुलीने काढलेली.

मी आत जाऊन कॅलेंडरचं पान फाडलं.

मला फार काही नको आहे रे. माफ करा म्हणायचाही धीर नाही माझ्यात. एकदा नुसती हाक मारावी त्यांनी, पूर्वीसारखी. पाणी आण, एवढं म्हटलं तरी पुरे. तुझं ते ऐकतात. तुझा फोन आला की उभं राहून बोलतात. तू एकदा बोलून बघशील का?

ताई


२/७

ताई,

तीन जूनचं वाचलं. झोप लागली नाही. बाबांशी बोलेन, पण जरा थांब.

एक विचारायचं होतं, सहजच. मी दिलेला फोन तू कधी दुरुस्तीला वगैरे दिलास का? त्यात भाषा कोणती आहे? सेटिंगमध्ये भाषा म्हणून एक ओळ असते, तिच्यावर बोट ठेवलंस की इंग्रजी दिसेल आणि तिच्याखाली कुठल्या तरी देशाचं नाव असेल. ते कुठलं आहे ते कळव. घाई नाही. म्हणजे बघितलंस की लगेच कळव.

कामाचंच आहे, बाकी काही नाही.

धाकटा


१५ जुलै

धाकट्या,

सेटिंग शोधता शोधता तुझे जुने फोटो सापडले, बर्फातले. आईला दाखवायला हवे होते.

दुरुस्तीला कधी दिला नाही. इंग्रजी आहे आणि खाली तुझ्या देशाचं नाव आहे, तू राहतोस तो. तू दिलास तसाच आहे, मी हात लावला नाही म्हटलं होतं ना. का रे? त्याने काही बिघडतं का? चालतो छान. नुसतं बाबांना फोटो मोठे करून दाखवता येत नाहीत, कारण ते माझ्या हातातलं काही बघत नाहीत.

तुझं 'जरा थांब' अजून संपलं नाही. तू मागच्या रविवारी फोन केलास, बाबा अर्धा तास बोलले, मी पडद्याआडून ऐकत होते. हवा, तुझं ऑफिस, मोजे. मला वाटलं आता माझं निघेल, आता निघेल. मग तू ठेवलास.

ताई


२८ जुलै

प्रिय ताई,

भाषेचं काही विशेष नाही. पण बदलून टाक. देशाच्या नावावर बोट ठेव, आपलं निवड, झालं. जमलं नाही तर काकूंच्या मुलाकडून करून घे. बाकी कोणाला त्याबद्दल सांगत बसू नकोस, उगाच फाटे फुटतात.

रविवारी तुझा विषय काढणार होतो, पण बाबा इतके खुशीत होते की धीर झाला नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं ती गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. अशा माणसाला काय सांगायचं? आणि आता तारखेवरून बोलून आई परत येणार आहे का? तू स्वतःला फार लावून घेऊ नकोस. झालं ते झालं. कोणाची चूक, कोणाची नाही, हे काळाच्या ओघात मागे पडतं. बाबाही निवळतील.

इथे कामाचा फार ताण आहे. दोन माणसांना काढलं. आपल्या जागेवर बसून राहायचं, तोंड उघडायचं नाही, असे दिवस आहेत.

तुझा धाकटा


१२ ऑगस्ट

धाकट्या,

बाबांचं ठीक नाही. पायांवर सूज आहे, आडवं झालं की धाप लागते. काकूंनी समजावलं तेव्हा हॉस्पिटलात यायला तयार झाले, माझ्याबरोबर, पण दोन पावलं पुढे चालत. हृदयच आहे त्यांचंही. औषधं दिलीत आणि पुन्हा बोलावलंय.

त्यांची तारीख माझ्याच फोनवर आली. उघडून तीन-तीनदा वाचायचं ठरवलं होतं. पण आता त्या पानावर महिना आकड्यात येत नाही, अक्षरांत येतो. आधी स्वच्छ ऑगस्ट लिहिलेलं, आणि पुढे एकोणीस. खिडकीतल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, पंधरवडा झाला, कंपनीनेच बदललं. माझ्यासारख्या आंधळ्या कोणीतरी आणखी असतील, त्यांच्यासाठी सोय केली असेल. बरं केलं. आईच्या वेळी असतं तर, असं मनात आलं आणि मी तिथल्या बाकावर बसून रडले. बाबा समोर उभे होते. त्यांनी बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

भाषा अजून बदलली नाही. राहू दे, आता काय फरक पडतो.

ये. नाहीच जमलं तर फोनवर एवढंच सांग बाबांना, की ताईने मुद्दाम नव्हतं केलं. त्यांना वाटतं मी आईच्या जिवाची पर्वा केली नाही, दुकानात गप्पा मारत बसले होते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर पटणार नाही. तू सांगितलंस तर पटेल. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरून मला वाटतं, फार दिवस नाहीत.

वाट बघतेय.

ताई


१८ सप्टेंबर

प्रिय ताई,

काकूंनी फोनवर बाबांचं सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो. तिथेच बसलो. येता आलं नाही, त्याबद्दल काय बोलू? रजा मागितली होती, म्हणाले आत्ता गेलास तर परत येऊ नकोस. तू सगळं एकटीने केलंस. आईचंही, बाबांचंही.

आता जे लिहितो ते नीट वाच. तुझी चूक नव्हती. तू तारीख उलटी वाचली नाहीस. तुझ्या फोनवर खरंच आधी तीन आणि मग सहा होतं. फोन माझा होता, त्यात माझ्या इथल्या देशाची रीत होती, इथे महिना आधी. मी जागा रिकामी सोडली होती. स्क्रिप्टने फोनला विचारलं, तुझ्या घरची रीत काय? आणि फोनने माझं घर सांगितलं. हॉस्पिटल कुठलं आहे, माणूस कुठला आहे, हे तिने विचारलंच नाही, कारण मी विचारायला लावलं नव्हतं. सहा मार्च होती. तुला तीन जून दाखवली. मी आमच्या टेबलावर सगळ्या देशांचे फोन तपासले होते. एका देशातून दुसऱ्या देशात बहिणीला दिलेला फोन तपासायचं कोणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नाही.

हे मला परवाच कळलं. तुझी जुनी पत्रं पुन्हा वाचत होतो, त्यात फोनच्या भाषेचं आलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबा असताना कळलं असतं तर मी आकाशपाताळ एक करून त्यांना सांगितलं असतं. ते आपल्या नशिबात नव्हतं. पण कळलं त्याच दिवशी, जागेवरून न उठता, ते पान मी दुरुस्त केलं. आता महिना अक्षरांत येतो. यापुढे जगात कोणाचा असा घोळ व्हायचा नाही, एवढं तरी समाधान मान.

कंपनीत कोणाला बोललो नाही अजून. तूही हे पत्र वाचून फाडून टाक. मला माफ कर, ताई.

तुझा धाकटा


३० सप्टेंबर

धाकट्या,

पत्र दुकानात आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काकूंच्या घरापर्यंत पळत गेले. माझी चूक नव्हती, माझी चूक नव्हती, असं त्यांच्या दारात म्हणत होते. त्यांनी मला जवळ घेतलं. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी जवळ घेतलं. तुझ्यावर राग नव्हता तेव्हा. वाटलं, पोरगं इतक्या लांब एकटं बसून हे शोधत होतं.

मग रात्री घरी येऊन दुसऱ्यांदा वाचलं.

परवा कळलं म्हणतोस. कळलं त्याच दिवशी दुरुस्त केलं म्हणतोस. अरे, महिना अक्षरांत आला तेव्हा बाबांना घेऊन मीच तर त्या खिडकीपाशी उभी होते. तुला लिहिलंही होतं. आंधळ्या बाईची सोय केलीये, असं मीच तुला लिहिलं आणि तू ते वाचलंस. की पुढचं 'ये' दिसलं आणि पत्र मिटून ठेवलंस?

बाबांचं सांगते, म्हणजे तुला एकच बाजू माहीत राहायला नको. शेवटच्या आठवड्यात त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. सहा खाटांची खोली, खिडकीपाशी त्यांची. मी दुकान सोडून तिथेच होते. नर्स पाणी द्यायची, मी पेला भरून तिच्या हातात द्यायचे. शेवटच्या संध्याकाळी नर्स बाहेर गेली होती. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठके."

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. मी वाकले. पुन्हा म्हणाले, "ठके, सहा मार्च कशी गं चुकली तुझी? तू तर कधी चुकायची नाहीस."

रागाने नाही विचारलं. राग संपला होता त्यांचा. खरंच कळून घ्यायचं होतं. नोकरीत लोकांना विचारायचे ना, उशीर का झाला, आणि कारण पटलं की खाडाखोड न करता वेळेवर लिहून टाकायचे, तसं विचारलं. कारण ऐकायला ते थांबले होते. माझ्याकडे कारणच नव्हतं. मी म्हटलं, "चुकले, बाबा." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

तुझी ओळ चुकली, ते मी समजू शकते. माझ्या हातूनही काचा चुकीच्या घासल्या गेल्यात. आईचं मी तुझ्या माथ्यावर मारत नाही, ते कोणालाच दिसलं नव्हतं. पण कारण तुझ्या खिशात होतं आणि तू ते धरून बसलास. त्यांनी विचारलं तेव्हा मला देता आलं असतं.

पत्र फाडलं नाही. काकूंना वाचून दाखवलं आणि कपाटात ठेवलं. तुझ्या नोकरीचं काय करायचं ते तू बघ, मी कोणाकडे जाणार नाही. फोन वेगळ्या पार्सलने पाठवलाय, त्यातले बर्फाचे फोटो तसेच आहेत. मोजे मात्र बाबांच्या पायांतच गेले.

रात्री तुझी सगळी पत्रं काढून ओळीने लावली. आधीच्या सगळ्यांवर तारीख आकड्यांत आहे. २८ जुलैपासून तू महिना अक्षरांत लिहायला लागलास. बाबा तेव्हा दारात खुर्ची टाकून बसत होते, आणि तुझा फोन वाजला की माझ्याशी न बोलता माझ्या हातातून घेत होते.

ताई